ईएलसीबी सारखी पडते? दोष शोधायचा क्रम, पायरीपायरीने

पावसाळा लागला की इंदुरातल्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, सगळीकडून मला एकच फोन येतो. "काकू, ईएलसीबी सारखी पडत होती. मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, मॅडम, ये खराब है, डायरेक्ट कर देता हूँ. आता बरं चाललंय." हे 'बरं चाललंय' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्या घरात करंट आजही गळतोय, फक्त गळती झाली की लाइट तोडणारं यंत्र, म्हणजे ती ईएलसीबी, काढून टाकलंय. आणि त्याच घरात नातवंडं ओल्या पायांनी गीझरचं बटण दाबतायत.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. दोष शोधणं फार अवघड नसतं, चुकतो तो क्रम. लोक आधी ईएलसीबी बदलतात, मग इलेक्ट्रिशियन बदलतात आणि सगळ्यात शेवटी गीझरचा प्लग काढून बघतात. करायचं असतं नेमकं उलट.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. भिंतीवरचं बटण आणि डीबीतली (घरातल्या स्विचांच्या पेटीतली) साधी एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचा छोटा स्विच, फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर तोडते. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, जोडलेलाच राहतो. म्हणून 'सगळं बंद करून पाहिलं तरी पडते' याला काही अर्थ नसतो. बंद केलं म्हणजे सुटलं असं होत नाही, प्लग उपसून बाहेर काढावा लागतो.

## पायरी १: तयारी

दिवसाउजेडी, घरात कुणी तरी दुसरं माणूस असताना हे काम काढा. निवांत तीन-चार तास हाताशी असू द्या. एक वही, पेन, टॉर्च, पायात रबरी चपला, कोरडं लाकडी स्टूल आणि डीबीवर खुणा करायला कागदी टेप, एवढं पुरे. डीबीचं झाकण न उघडता, समोरून एक फोटो काढून ठेवा.

घरात कुणाचं ऑक्सिजनचं मशीन किंवा नेब्युलायझर असेल तर त्याची सोय आधी करा. इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल तर फ्रीजचं दार उगाच उघडू नका.

इन्व्हर्टर असेल तर तो त्याच्या स्वतःच्या बटणावरून बंद करा आणि त्याचा प्लगही काढा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर चालू असेपर्यंत घरातल्या अर्ध्या वायरांत करंट खेळत असतो. 'मेन तर बंद होता' म्हणत झटका खाल्लेले माझेच दोन विद्यार्थी आहेत.

सावधान: पायरी १ ते ५ घरातल्या माणसाने करायच्या आहेत, त्यात कुठलंही झाकण उघडायचं नाही. पायरी ६ पासून पुढचं काम लायसेन्सवाल्या वायरमनचं. तुम्ही शेजारी उभं राहून तो क्रमाने करतोय ना ते बघा.

## पायरी २: पडतंय काय नेमकं?

डीबीत तीन तऱ्हेची यंत्रं असू शकतात, आणि सगळे सगळ्यांनाच 'ट्रिपर' म्हणतात.

ज्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे आणि ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असं छापलेलं आहे, ते आरसीसीबी. बाजारात तिलाच ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, एवढंच ती मोजते. मधल्या मध्ये कुठे तरी गळला, अर्थमध्ये किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की ती पडते.

'टी' बटण नसलेल्या, ६, १०, १६, २० असे आकडे असलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे एमसीबी. त्या गळती ओळखत नाहीत. जास्त भार झाला किंवा शॉर्ट झालं की पडतात. तिसरी आरसीबीओ: दोन्ही कामं एकात, 'टी' बटणासकट. ती पडली तर कारण दोन्हीपैकी कुठलंही असू शकतं, हे लक्षात ठेवा.

एमसीबीच पडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी जवळजवळ इथेच संपतो. वर करताक्षणी धाडकन पडली तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी, हाताला गरम लागून पडली तर भार जास्त किंवा तिचा स्क्रू सैल. मोटार सुरू होतानाच पडत असेल तर आधी मोटार अडकतेय का आणि तिचा कपॅसिटर ठीक आहे का ते बघा.

सावधान: १६ अँपिअरची एमसीबी पडते म्हणून ३२ची बसवू नका. भिंतीत दीड एमएमची वायर असेल तर आता एमसीबीऐवजी वायरच तापेल.

तपासून घ्या: पडलेली एमसीबी किंवा आरसीसीबी कधी कधी मधेच अडकून उभी राहते. आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. 'वरच होत नाही' अशा तक्रारींत निदान काही तरी एवढ्यावरच मिटतात.

## पायरी ३: चार दिवस वही ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवते ती हीच. रोज दहा वेळा पडत असेल तर एक दिवस पुरे. आठवड्यातून एकदा पडत असेल तर धीर धरावा लागेल. प्रत्येक वेळी लिहा: किती वाजले, पाऊस होता का, त्या क्षणी काय सुरू केलं, लाइट नुकतीच परत आली होती का, लगेच वर झाली की थांबून.

चार ओळी लिहिल्या की वही बोलायला लागते.

गीझर लावल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडते, म्हणजे संशय एलिमेंटवर. रात्री दोन-अडीचला, सगळे झोपलेले असताना पडते तर फ्रीज बघा. बर्फ न धरणाऱ्या फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा छोटा हीटर असतो आणि तो दर काही तासांनी आपला आपण सुरू होतो. पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने पडते आणि उन्हं आली की दिवसभर गुण्यागोविंदाने चालते, तर फाटकावरचा दिवा, गच्चीवरचा बोर्ड, मोटारीचा स्टार्टर. लाइट परत येताक्षणी पडते, तर बहुधा अनेक उपकरणांची थोडी थोडी गळती एकत्र येतेय. विजा चमकताना एखाद्या वेळी पडली आणि पुन्हा वर करून महिनाभर टिकली, तर तिच्यामागे लागू नका.

आणि कुठल्याही खोलीत, कुठलंही मोठं उपकरण लावलं की पडते, उपकरण बदललं तरी पडते, असं दिसलं तर उपकरणांचा नाद सोडा. तो न्यूट्रलचा दोष आहे. त्याकडे पायरी ६ मध्ये येऊ.

## पायरी ४: सगळे प्लग काढा. सगळे म्हणजे सगळे

आता घरभर फिरा आणि एकेक प्लग भिंतीतून उपसून बाहेर काढा. बटण बंद करून पुढे जायचं नाही. लोक टीव्ही, फ्रीज, मिक्सर काढतात आणि थांबतात. विसरले जातात ते हे: ओट्यावरची चिमणी (प्लग कपाटाच्या मागे असतो), पाण्याचा फिल्टर, वायफायचा डबा, कॅमेऱ्यांचा डबा, दाराची बेल, देवघरातली माळ, बाथरूमच्या माळ्यावरचा जुना गीझर आणि नळाचं पाणी ओढायला लावलेला टुल्लू पंप.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी कितीतरी वस्त्यांत दिवसाआड येतं, त्यामुळे हौद, मोटार, गच्चीवरची टाकी हे घरोघरी आहे. ती मोटार अनेकदा प्लगवर नसून सरळ स्टार्टरला जोडलेली असते. तिचं आणि थेट जोडलेल्या गीझरचं, एसीचं नाव वहीत 'काढता आलं नाही' म्हणून वेगळं लिहा. डबल पोलची एमसीबी असेल, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र हलतात तशी, तर ती पाडा. तिने दोन्ही वायरी तुटतात.

आता आरसीसीबी वर करा.

तपासून घ्या: वर राहिली तर लगेच 'टी' बटण दाबा. पटकन पडली पाहिजे. न पडल्यास ती मेलेली आहे, आधी ती वायरमनकडून बदलून घ्या आणि मग पुढे जा. 'टी' बटण चालतं म्हणजे यंत्र हलतं एवढंच कळतं. घराचं अर्थिंग चांगलं आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पुन्हा वर करून थांबा. नेहमी दर तासाला पडत असेल तर दोन तास थांबा. टिकली तर दोष उपकरणांत आहे, पायरी ५. सगळं उपसल्यावरही पडली तर दोष वायरिंगमध्ये किंवा त्या 'काढता आलं नाही' यादीत आहे, सरळ पायरी ६.

## पायरी ५: एकेक परत लावा

ज्यांच्यावर संशय जास्त ते आधी: गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, फ्रीज, इस्त्री, इंडक्शन. एक लावा, सुरू करा, पूर्ण काम करू द्या. गीझर पाणी तापून आपोआप बंद होईपर्यंत. वॉशिंग मशीन पाणी भरणं, तापवणं, फिरवणं, उपसणं, सगळं होईपर्यंत. दोन मिनिटं चालवून 'हे ठीक आहे' म्हणाल तर फसाल, कारण बऱ्याच गळती तापल्यावरच सुरू होतात.

गीझरबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझ्या अनुभवात इंदुरातला पहिला गुन्हेगार तोच. बोअरचं पाणी जड. एलिमेंटवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात जात नाही, आतली तार गरजेपेक्षा जास्त तापते आणि बाहेरच्या नळीला बारीक तडा जातो. मागच्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका गीझरचा एलिमेंट काढून मी कागदावर ठेवला होता. वरून धडधाकट. चमच्याच्या दांड्याने थर खरवडला तेव्हा वाकणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्यातून तपकिरी, ओलसर पूड बाहेर आली. पाणी थंड असताना तो एलिमेंट मल्टिमीटरवर निर्दोष वाटत होता. तापला की नळी फुलायची, रेघ उघडायची, पाणी आत जायचं आणि आरसीसीबी पडायची. त्या घरातल्या लोकांनी तोवर दोन आरसीसीबी बदलल्या होत्या.

म्हणून मल्टिमीटरवर विसंबू नका. तो दोन-चार व्होल्टवर तपासतो. खरी परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरची, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची.

उन्हाळाभर बंद असलेला गीझर पहिल्या दिवशी पाडतो, हेही होतं. एलिमेंटच्या आतली पांढरी भुकटी टोकांच्या सीलमधून हवेतला ओलावा शोषून घेते. तो 'वाळवण्यासाठी' आरसीसीबी बाजूला काढून चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एलिमेंट बदलून घ्या.

हमखास होणाऱ्या चुका:

'शेजाऱ्यांकडे लावून पाहिलं, तिथे मस्त चालतं.' शेजाऱ्यांकडे आरसीसीबी आहे का? त्यांच्या अर्थिंगच्या पिनेत खरंच अर्थिंग आहे का? दोन्ही नसतील तर गळकं उपकरणसुद्धा तिथे मस्तच चालणार.

'तीन पिनेचा प्लग काढून दोन पिनेचा लावला, आता पडत नाही.' अर्थातच पडणार नाही. गळणाऱ्या करंटची जमिनीत जायची वाट तुम्ही तोडली. आता तो वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर बसून कुणाच्या तरी हाताची वाट बघतोय. हे केलं असेल तर वाचणं थांबवा आणि आत्ता जाऊन तो प्लग काढा.

एकटं कुणीच पाडत नसेल, दोघं-तिघं मिळून पाडत असतील तर? ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलीच पाहिजे, असं तिचं मानक आहे. म्हणजे ती मध्ये कुठेही पडू शकते, २० ला पडली तरी ती चुकत नाहीये. कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट नेहमीच अर्थला जातो, तो दोष नसतो. एका जागी ठेवायच्या, अर्थिंगवाल्या उपकरणाला साधारण साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते. अशी सहा-सात एकाच आरसीसीबीवर आली की ती काठावर उभी राहते आणि लाइट परत आल्याच्या झटक्याला पडते.

याची खात्री करायची तर वायरमनकडून मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर लावून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात घेऊन. नेहमीची गळती नऊच्या आत असावी, म्हणजे तीसच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. जास्त असेल तर उपाय सरळ आहे: घराचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी, किंवा प्रत्येक सर्किटला आरसीबीओ. एक मोठी, शंभर मिलिअँपिअरची आरसीसीबी लावून मोकळं होणं हा उपाय नाही. माणूस वाचतो तो तीसवर.

## पायरी ६: न्यूट्रल आणि अर्थ कुठे तरी भेटलेत

इथून पुढे वायरमन.

सगळे प्लग बाहेर, सगळ्या एमसीबी खाली, तरीही आरसीसीबी पडते. अशा वेळी दहातले नऊ जण म्हणतात, 'आता तर काहीच चालू नाही, म्हणजे हीच खराब.' माझ्या वर्गात याच वाक्यावर मी अर्धा तास घालवत असे. फेज सगळे तुटलेत, पण सगळे न्यूट्रल अजून न्यूट्रल लिंकला (डीबीतल्या सामाईक पट्टीला) एकत्र जोडलेले आहेत. त्यातला एक जरी भिंतीत कुठे अर्थला टेकला असेल तर आरसीसीबी पडू शकते.

पण घरात करंटच वाहत नसताना? रोहित्रापासून घरापर्यंत न्यूट्रलची वायर लांब असते आणि तिच्यावर अख्ख्या गल्लीचा भार असतो. त्यामुळे आपल्या घरातल्या न्यूट्रलवर अर्थच्या तुलनेत दोन-तीन व्होल्ट असतातच. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५० ओम धरला तर दोन व्होल्टला ४० मिलिअँपिअर वाहतात. पडायला पुरेसे. संध्याकाळी शेजाऱ्यांचे एसी सुरू झाले की आपली आरसीसीबी पडते, यात भुताटकी नाही, हे एवढंच गणित आहे.

आता माळव्याच्या काळ्या मातीचं बघा. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षं पाणी न घातलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, रोध काहीशे ओमवर जातो. दोष तेव्हाही भिंतीत असतोच, पण करंटला वाट नसते, म्हणून आरसीसीबी गप्प राहते. जूनमध्ये चार सरी पडल्या, खड्डा भिजला, वाट मोकळी झाली आणि पहिल्याच दिवशी पडायला लागली. लोक म्हणतात पावसाने बिघडवलं. पुष्कळ घरांत पावसाने फक्त अर्थिंग जागं केलेलं असतं.

शोधायचं असं:

मेन बंद. इन्व्हर्टर बंद, त्याची बाहेर येणारी वायरही सुटी. टेस्टरने नाही, टेस्ट लॅम्प किंवा मीटरने डीबीत करंट नाही याची खात्री. मग न्यूट्रल लिंकवरच्या प्रत्येक वायरीला टेप लावून नंबर, आणि कुठला न्यूट्रल कुठल्या एमसीबीचा ते लिहायचं. ही जोडी माहीत नसणं हाच अर्ध्या घोळाचा उगम असतो.

नंतर सगळे न्यूट्रल सुटे करून एकेकाची अर्थशी ५०० व्होल्टच्या मेगरने परीक्षा. निदान एक मेगोम (दहा लाख ओम) यायला हवा. निरोगी वायरिंगमध्ये तो पुष्कळ जास्त येतो. ज्याचा काटा शून्याजवळ लोळतो ते सर्किट सापडलं.

सावधान: मेगर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लावू द्यायचा नाही, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जळतील. फेज-न्यूट्रल एकत्र पिळून त्यांची अर्थशी परीक्षा घ्यायची.

सर्किट सापडलं की ते मधोमध तोडायचं. मधला जंक्शन बॉक्स किंवा बोर्ड उघडून पुढचा भाग सुटा करा, पुन्हा मेगर. दोष अलीकडे की पलीकडे ते कळलं, उरलेला अर्धा पुन्हा अर्धा. दहा बोर्डांचं सर्किट असलं तरी तीन-चार वेळा तोडून जागा हाताशी येते. एका टोकापासून एकेक बोर्ड उघडत जाणाऱ्याला दिवस लागतो.

काय सापडतं? फोटो टांगायला मारलेला खिळा. स्क्रूखाली दबून सोललेली वायर. बोर्डात पालीने केलेला संसार. पण जुन्या घरांत सगळ्यात जास्त सापडते ती एक मुद्दाम केलेली गोष्ट. रामबागेतल्या एका वाड्यात स्वयंपाकघराचा सोळा अँपिअरचा पॉइंट मी उघडवला, तर न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत दोन इंचाची हिरवी वायर, छान पिळून, नीट स्क्रू आवळून लावलेली. घरात अर्थिंगच आलेलं नव्हतं, आणि 'करंट मारतो' ही तक्रार मिटवायला कुणी तरी न्यूट्रलचंच अर्थिंग केलं होतं. नंतर अर्थिंगची वायर ओढली, आरसीसीबी बसवली आणि ती पडायला लागली. पडली म्हणून बरं. त्या पॉइंटचा न्यूट्रल मागे कुठे तुटला असता तर फ्रीजच्या दाराला पूर्ण २३० व्होल्ट आले असते. असा तुकडा दिसला की तिथल्या तिथे काढा आणि मग घरातला प्रत्येक तीन पिनेचा पॉइंट उघडून बघा, कारण ज्याने एक केला त्याने बहुधा सगळेच केलेत.

## पायरी ७: न्यूट्रलची अदलाबदल

मेगर सगळीकडे उत्तम, तरी एक विशिष्ट दिवा किंवा पंखा लावला की पडते. इथे गळती नाहीच. करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने परत येतो, म्हणून आरसीसीबीचा हिशोब जुळत नाही. साधा नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे तेवढ्याशा दिव्यानेही ती पडते.

तीन ठिकाणी बघा. पहिलं, जिन्यातला दोन बटणांचा दिवा: फेज खालच्या मजल्याचा, न्यूट्रल वरच्या. दुसरं, वर भाडेकरू ठेवताना वेगळं मीटर घेतलं पण न्यूट्रल एकमेकांत गुंतलेलेच राहिले. तिसरं आणि सगळ्यात नेहमीचं, इन्व्हर्टर. बसवणारा माणूस इन्व्हर्टरची फेज आरसीसीबीच्या अलीकडून घेतो, दिव्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या पुढच्या लिंकला राहतो. इन्व्हर्टरवर पंखा लागला की पडलीच. नियम एवढाच: ज्या आरसीसीबीतून फेज गेला, त्याच आरसीसीबीतून त्याचा न्यूट्रल परत आला पाहिजे.

## पायरी ८: घराबाहेरचं

वहीत पावसाची खूण असेल तर मेगर वाळलेल्या दुपारी लावू नका, सगळं ठीकच येईल. पाऊस थांबल्या थांबल्या लावा.

फाटकावरच्या दिव्याचा गोळा काढून बघा. आत मुंग्यांची माती, गंजलेला होल्डर आणि तळाशी चमचाभर पाणी, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता सुरुवातच तिथून करते. वायर दिव्यात वरून शिरत असेल तर पाणी वायरीच्या अंगाने आत उतरतंच. ती खालून घ्या आणि शिरण्याआधी एक झोका खाली सोडा, म्हणजे थेंब तिथे गळून पडेल. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं असेल तर तो पाइप म्हणजे पन्हाळच समजा.

बोअरची मोटार आरसीसीबीवर असेल तर स्टार्टरमध्ये तिच्या सगळ्या वायरी सोडून मोटारीच्या बाजूला मेगर लावा. बोअरमधला केबलचा सांधा नेहमी पाण्यात असतो, टेप सुटली की गळती सुरू.

## पायरी ९: आणि आता आरसीसीबी

सगळं निर्दोष निघालं तरच इथे या. बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडून, नुसती आत येणारी लाइन देऊन वर करा. काहीच जोडलेलं नसताना पडली तर ती खराब. टर्मिनल सैल किंवा काळं पडलं असेल तरीही बदला.

महाराणी रोडवर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला नुसतं 'चाळीसची ईएलसीबी' म्हणू नका. अँपिअर जुन्याएवढे किंवा मेनच्या एमसीबीला शोभतील असे, गळती ३० मिलिअँपिअरच, आयएसआयचा शिक्का, आणि टाइप 'ए'. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, इंडक्शन यांची गळती साध्या 'एसी' टाइपच्या आरसीसीबीला नेहमी नीट ओळखता येत नाही. बसवताना न्यूट्रलची खूण असलेल्या जागीच न्यूट्रल येतोय ना, ते डोळ्यांनी बघा.

## पायरी १०: लावून झाल्यावर

सुटे केलेले न्यूट्रल आपापल्या नंबरावर परत. सगळे स्क्रू आवळलेले. मेन सुरू, आरसीसीबी वर, 'टी' दाबून पडते का ते बघून पुन्हा वर. मग एकेक प्लग, पायरी ५ च्याच क्रमाने. कुठला न्यूट्रल कुठल्या एमसीबीचा, ती यादी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी जो मुलगा येईल त्याचा तासभर वाचेल.

अर्थिंगच्या खड्ड्यात मार्च ते जून दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. 'टी' बटण दर महिन्याला, विजेचं बिल भरायच्या दिवशी दाबा, तारीख लक्षात राहते. आणि वही अजून फेकू नका. दोन मोठे पाऊस आणि एक पूर्ण रात्र फ्रीज सुरू असताना एकदाही पडली नाही, तर शेवटच्या पानावर काय सापडलं, कुठे सापडलं ते लिहून ती डीबीशेजारीच टांगून ठेवा.